बापू, जे यादीत नव्हतं ते

बापू,

तुझ्या संस्थेचं पत्र आलं आहे. वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, म्हणतात. टाइप केलेल्या मजकुराखाली हिरव्या शाईने एक ओळ आहे : 'शक्यतो हृद्य आठवणी असाव्यात.' अक्षर चिटणिसांचं आहे. तुझ्या निलंबनाच्या कागदावरची सही याच शाईची होती.

हृद्य आठवणी माझ्याकडे पुष्कळ आहेत. सातवीत असताना तू वडिलांचा रेडिओ खोलून परत जोडलास आणि तीन स्क्रू उरले. ते मी चिंचोक्यांच्या डब्यात लपवले, म्हणून तुझा मार वाचला. असल्या आठवणी मी चिटणिसांना देणार नाही. त्यांच्यासाठी दुसरं लिहिते आहे. माझी गती तुला माहीत आहे. एका पानाला दोन दिवस लागतात, पण लिहिलेलं मी खोडत नाही.

लोकांना मी मवाळ वाटते. याच संस्थेच्या धुळ्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून माझा जन्म गेला, कोणावर आवाज चढवला नाही. चिटणिसांनाही मी मवाळच वाटले असणार, नाहीतर त्यांनी पत्र पाठवलं नसतं. राग मी पुस्तकासारखा ठेवते. धूळ झटकून, क्रमांक घालून, जागच्या जागी. लागेल तेव्हा हात घातला की सापडतो.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, तिथून सुरुवात करते.

तू एकदा रविवारी धुळ्याला आलास आणि माझी वार्षिक पडताळणी चालू होती. तुला ते खूळ वाटायचं. तालिकेत सगळी पुस्तकं आहेत, मग कपाटं कशाला उपसता? मी तुला कार्डांच्या खणाजवळ बसवलं आणि आमच्या जुन्या कारकुनाची गोष्ट सांगितली. तो पुस्तक पळवायचा आणि जाताना खणातलं कार्डही काढून न्यायचा. वाचक यायचा, खण उघडायचा, कार्ड नाही म्हणजे पुस्तक नाही असं समजून परत जायचा. चोरी झाली हेच कोणाला कळायचं नाही, कारण जे कधी नव्हतंच ते चोरीला कसं जाणार. तो सापडला तो दाखल नोंदवहीमुळे, आलेलं प्रत्येक पुस्तक आम्ही जिच्यात चढवतो तिच्यामुळे. ती शिवलेली असते, पानांना क्रमांक असतात, तिच्यातून ओळ काढता येत नाही. म्हणून आम्ही वर्षातून एकदा नोंदवही एका हातात आणि कपाट दुसऱ्या हातात धरून बसतो. एकाच यादीवर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

तू कळण्याची भाकरी आणि भरीत खात ऐकत होतास. म्हणालास, "अक्का, माणसं खोटं बोलतात. मशीन बोलत नाही."

"मशीन खरं बोलतंय हे तुला कोण सांगतं?"

"मशीनच."

"मग झालं की."

तू हसलास, बोटं चाटलीस आणि म्हणालास की पुढच्या वेळी उत्तर देईन. निघताना तुला एक पेन ड्राइव्ह दिला होता, आठवतं? मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचा. तुझ्या परीक्षा विभागात प्रश्नपत्रिका टाइप करणारे निवृत्त गुरुजी त्या फाँटशिवाय हात लावत नव्हते. तुमचं लॉक, ते मशीनला मागून खोचायचं बोटभर यंत्र, जळालं होतं. माझंही पूर्वी जळालं होतं, तेव्हा गल्लीतल्या डीटीपीवाल्याने मला लॉकशिवाय चालणारं सॉफ्टवेअर भरून दिलं होतं. तेच तुला दिलं. तू कुरकुरलास, याचा ड्रायव्हर, म्हणजे थेट मशीनच्या आत जाऊन बसणारा तुकडा, टाकताना त्याची सही तपासायची मशीनची सोय बंद करावी लागते म्हणालास. मी म्हटलं, "सोवळं फार झालं तुझं. माझ्याकडे दोन वर्षं चाललंय ना?" तू पेन ड्राइव्ह घेऊन गेलास आणि आठवड्याने पोस्टाने परत पाठवलास.

पुढच्या वेळी तू आलास ते निलंबित होऊन.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. संस्थेच्या सगळ्या शाळांची मिळून एक प्रज्ञाशोध परीक्षा असते. प्रश्नपत्रिका जळगावच्या कार्यालयात एकाच संगणकावर तयार व्हायची आणि तो संगणक बापूच्या ताब्यात होता. परीक्षेच्या सकाळी जामनेर आणि यावलच्या केंद्रांबाहेर पालकांच्या मोबाइलवर विज्ञानाचा पेपर फिरत होता. टंकनाच्या चुकांसह तोच. खोलीची किल्ली बापूकडे, पासवर्ड बापूचा. दुपारपर्यंत बापू चोर ठरला.

त्या दुपारी तू एकच गोष्ट शहाणपणाची केलीस. समिती बसायच्या आत, चिटणिसांसमोर, तू संगणकातून डिस्क बाहेर काढलीस, तिची जशीच्या तशी प्रत केलीस आणि दोन्हींचा ठसा काढलास. तू नंतर मला तो दाखवलास : आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून चौसष्ट. डिस्कवरचा एक ठिपका बदलला तरी सगळा ठसा बदलतो. ती चौसष्ट अक्षरं तू पंचनाम्यात लिहून घेतलीस. चिटणीस हसून म्हणाले होते, "काय हो सर, कुंडली मांडताय का?" आणि हिरव्या शाईने सही केली. एक प्रत तुझ्याकडे राहिली.

मग समितीने पुण्याहून तज्ज्ञ बोलावला. त्यांचं नाव लिहीत नाही. वाचतील तेव्हा त्यांना कळेल. तज्ज्ञ आले, त्यांनी डिस्क परत त्याच संगणकात घातली, संगणक चालू केला आणि त्या संगणकालाच विचारलं : तुझ्यात काही लपलंय का? कोणते प्रोग्राम चालू आहेत, दाखव. कोणाशी बोलतोस, दाखव. संगणकाने याद्या दाखवल्या. सगळं स्वच्छ. तास-दीड तासात तज्ज्ञ चहा घेऊन मोकळे झाले.

"डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून बाहेरून बघा," असं तू समितीला चार वेळा सांगितलंस. तज्ज्ञ म्हणाले, "मला शिकवू नका." माझ्याकडे येऊन ओट्यावर बसलास तेव्हा तू आपल्या घरच्या बोलीत म्हणालास, "अक्का, ज्याले इचारी ऱ्हायनात, तोच चोर शे. आनि तो म्हनस, बठ्ठं बराबर शे."

ज्याला विचारताहेत तोच चोर, आणि तो म्हणतो, सगळं बरोबर आहे. म्हणजे त्या भांडणात मी जिंकले होते. इतकं वाईट जिंकणं माझ्या वाट्याला पुन्हा येऊ नये.

त्या ओट्यावर तू मला जे समजावलंस ते मी नंतर लिहून काढलं. प्रत्येक संगणकाच्या आत एक गाभा असतो. पडद्यावरचा कोणताही प्रोग्राम डिस्कला स्वतः हात लावत नाही; तो गाभ्याला विचारतो आणि गाभा सांगेल ते खरं मानतो. व्हायरस शोधणारा प्रोग्रामसुद्धा गाभ्यालाच विचारतो. लबाडी (चोर प्रोग्रामला तू हेच म्हणायचास) इथे, गाभ्यात, जाऊन बसली की वरच्या सगळ्यांचे डोळे तिच्या ताब्यात येतात. फायलींची यादी मागितली की ती खरी यादी मधेच अडवते, स्वतःचं नाव गाळते आणि उरलेली पुढे देते. चालू असलेले प्रोग्राम साखळीत हात धरून उभे असतात. ती आपला हात सोडवून घेते आणि शेजारच्या दोघांचे हात एकमेकांत देते. मोजणाऱ्याला साखळी अखंड दिसते. "पण मग तिला काम कसं मिळतं?" मी विचारलं होतं. तू खूश झालास. पाळी वाटणारी यादी वेगळी असते, म्हणालास, तिथून ती नाव काढत नाही. हजेरीपटावर नाव नाही, पण जेवणाच्या पंगतीत पान वाढलेलं आहे.

चोरलेला माल ती डिस्कच्या अगदी शेवटी ठेवते, जिथे वाटणी करताना उरलेली पडीक जागा असते. गाभ्याला विचारलं तर तिथे काहीच नाही. तिचे स्वतःचे हस्तक संगणकात इतरत्र असतात, त्यांच्याशी बोलायची रीत तर मला फार आवडली, म्हणजे भीती वाटावी इतकी आवडली. हस्तक अस्तित्वात नसलेली एक फाइल मागतो. इतर कोणी मागितली तर 'नाही' असं उत्तर मिळतं. ठरलेल्या नावाची मागितली की गाभ्यातली लबाडी ओळखते, हा आपला माणूस, आणि काम सांगते. बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी चुकीचं नाव टाइप केलं.

आणि बाहेर बोलणं? त्यासाठी ती पत्ता विचारते. कोणत्याही साइटवर जाण्याआधी संगणकाला तिचा पत्ता विचारावा लागतो, आणि पत्ता विचारणाऱ्याला कोणी अडवत नाही. ती लांबलचक, निरर्थक नावांचे पत्ते विचारत राहते. ते नाव म्हणजेच चोरलेल्या फाइलचा तुकडा. उत्तरात येतो तो पुढचा हुकूम. संगणकाच्या स्वतःच्या यादीत हे बोलणं दिसत नाही. पण तार भिंतीवरच्या राउटरमधून जाते आणि राउटरच्या आत ती शिरलेली नव्हती. तू राउटरची नोंद जपून ठेवली होतीस. विज्ञानाचा पेपर टाइप झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून असल्या पत्त्यांची नुसती रांग.

"म्हणजे पडताळणी," मी म्हटलं.

"तुन्हीच पडताळणी, अक्का. आत एक यादी, बाहेर एक यादी. जे बाहेर शे नि आत नही, तोच चोर."

हे सगळं तू अर्जात लिहून दिलंस. उत्तर आलं की प्रत तुमच्या घरी होती, तुम्ही तिच्यात काहीही घातलं असेल. तू पंचनाम्यातल्या ठशाकडे बोट दाखवलंस. चिटणिसांनी उत्तरात लिहिलं, त्या आकड्यांचं आम्हाला काही कळत नाही. ज्यावर सही केली ते कळत नव्हतं, इतकं तरी त्यांनी लेखी दिलं. सुनावणी पुढे ढकलली गेली. मग पुन्हा. मग पुन्हा.

आठ महिने तुझा निलंबनाचा कागद कार्यालयाच्या फलकावर होता. टाचणीने लावतात सगळे कागद; तो खळीने चिकटवला होता. जामनेरच्या स्टँडवर मी तुझ्याबरोबर होते तेव्हा एक पालक, पान लावून, चार जणांत म्हणाला, "काय सर, औंदा कोन्ता पेपर फुटनार? आमच्या पोरीले बी सांगून ठेवा." लोक हसले. तूही हसलास. मी त्या माणसाचा चेहरा ठेवून घेतला आहे. चिटणिसांचा आहे, तज्ज्ञांचा आहे, आणि ज्या तीन सहकाऱ्यांनी तुझ्या मुलीच्या साखरपुड्याला यायचं टाळलं त्यांचेही. मी कोणाला शाप देत नाही. मला त्यांच्याकडून एवढंच हवं आहे की त्यांनी हे वाचावं, आणि शेजारी बसलेल्या माणसाने वाचताना त्यांच्याकडे बघावं.

त्या महिन्यांत तू धुळ्याला वरचेवर यायचास. एका खेपेला माझ्या ग्रंथालयातला संगणक पुसून पहिल्यापासून नवा भरून दिलास. मी भांडले तुझ्याशी. माझ्या खुणा गेल्या, सवयीचा पडदा गेला, टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर गेलं. "जुनाट झाला व्हता," म्हणालास आणि नवं टायपिंग शिकवायला बसलास. किती धीराने. मी मुद्दाम चुका करत होते, रागावले होते म्हणून.

फोनवर विचारायची, कसा शेस? तू म्हणायचास, "बठ्ठं बराबर शे, अक्का." मी पडताळणी करायला हवी होती. मंगलला विचारायला हवं होतं, तुझी बायको आहे ती, तिला माहीत होतं की तुला जिना चढवत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तू पुस्तकात ठेवत होतास. आयुष्यभर याद्या तपासणाऱ्या बाईने तुझ्याबाबतीत एकाच तोंडाचं ऐकलं. चौथ्या सुनावणीच्या तारखेआधी नऊ दिवस तू अंगणात मोटारसायकल पुसताना खाली बसलास आणि उठला नाहीस. कार्यालयाने त्या दिवशी अर्धी सुट्टी दिली. कागद फलकावर होताच.

तेराव्यानंतर मंगलने तुझ्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली डिस्क, तुझी निळी वही, पंचनामा. मी ते पिशवीत घालून प्रतिभाकडे गेले. तुझी विद्यार्थिनी, आता धुळ्यात अभियांत्रिकीला शिकवते. तिने आधी काही न उघडता ठसा काढला. मी पंचनामा वाचत गेले, ती पडद्यावर बघत गेली, एकेक अक्षर. चौसष्टाव्याला ती म्हणाली, "मॅडम, सरांनी हात लावलेला नाही." मग तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. तिने आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी तीन आठवडे घेतले. गाभ्यातली लबाडी सापडली, शेवटच्या पडीक जागेतला माल सापडला, त्यात विज्ञानाचा पेपर सापडला. टंकनाच्या चुकांसह. तिघांनी सह्या करून अहवाल दिला. पलीकडे कोण बसलं होतं ते कळलं नाही. तो पत्ता केव्हाच बंद झाला आहे. त्याचा मला फारसा राग नाही. तो चोर होता, चोरी त्याचा धंदा. माझा राग ज्यांचं काम बघणं होतं आणि ज्यांनी बघितलं नाही, त्यांच्यावर आहे.

अहवालाची एक प्रत मी संस्थेला पाठवली. पाचव्या दिवशी चिटणीस स्वतः माझ्या घरी आले. हातात केळीच्या वेफर्सचा पुडा.

"ताई, सर आमचेच होते हो. आम्ही ठरवलंय, संगणक कक्षाला त्यांचं नाव द्यायचं. मोठा फोटो लावू. तुम्ही अंकात छान लिहा."

"ठराव करा," मी म्हटलं. "बापूवरचा आरोप चुकीचा होता, असा. आणि ज्या फलकावर तो कागद होता तिथेच लावा."

"गेलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो?"

"फोटोनेही पडत नाही."

ते जरा हसले. पुडा टेबलावर सरकवला. "तुम्ही ग्रंथपाल, तुम्हाला कागद समजतात. ठराव करायचा म्हणजे समिती चुकली असं लिहायचं. तज्ज्ञांची फजिती. पालक आमच्या दारात. एका माणसासाठी एवढी मोठी संस्था..."

"अहवाल वाचलात?"

"वाचला की. त्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर काहीतरी शिरलं म्हणे. बरं, धरू खरं." आता त्यांनी फाइल उघडली. ते याच पानासाठी आले होते. "मग हेही छापायचं का, सांगा. समितीने सरांना विचारलं होतं, हे बिनालॉकचं सॉफ्टवेअर कोणी आणलं. सरांचा जबाब : 'मी स्वतः बाहेरून आणलं.' सही आहे. म्हणजे घाण घरात आणली त्यांनीच. गावाला सांगायचं का हे, ताई? झाकली मूठ बरी नाही का?"

मी जबाबाखालची तुझी सही पुन्हा बघितली. त्यांना वाटलं मी हरले. त्यांनी माझ्यासाठी पाणीसुद्धा आणलं माझ्याच स्वयंपाकघरातून. जाताना म्हणाले, "दोनच पानं द्या. गोड द्या."

ते गेल्यावर मी तुझी निळी वही काढली. माझी पडताळणीची पद्धत तूच उचलली होतीस. प्रत्येक गोष्टीपुढे तारीख, कुठून आली, कोणाकडून आली. तिसऱ्या पानावर टायपिंगच्या ड्रायव्हरचं नाव, त्याखाली 'लबाडी यातूनच आत आली', तारीख. मग : 'पेन ड्राइव्ह कोणाकडून :' आणि पुढे कोरं. सबंध वहीत तेवढी एकच ओळ रिकामी.

बापू, तुला सगळं आधीच कळलं होतं. ओट्यावर बसून मला गाभा आणि साखळी समजावत होतास तेव्हाही. ती शिरली कशी, हे मी विचारलं होतं. तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणालास, कुठून तरी.

माझा संगणक तू जुनाट झाला म्हणून पुसला नव्हतास. तो शाबूत राहिला असता आणि कोणी उघडला असता, तर त्यातही हेच सापडलं असतं, तुझ्या संगणकाच्या दोन वर्षं आधीपासून. तू सुटला असतास. मला वाचवायला तू तुझाच साक्षीदार पुसलास. साखळीतून माझा हात सोडवून घेतलास आणि शेजारचे दोन हात जोडून दिलेस. ही असली माया मला नको होती. निवृत्तीला वर्ष उरलेल्या बाईची अब्रू तुझ्या छातीपेक्षा मोठी कोणी ठरवली? मला विचारायचं तरी. मी तुझी मोठी बहीण होते, रेडिओचे स्क्रू मी लपवायचे, तू नाही.

दोन दिवस मी तुझ्याशी मनातसुद्धा बोलले नाही. तुझ्यावर चिडले इतकी मी आजवर कोणावर चिडले नव्हते. चिटणिसांवरही नाही.

तिसऱ्या दिवशी आठवलं की तू एक गोष्ट विसरलास. तू यंत्रातला माणूस, यंत्र पुसलंस. मी ग्रंथपाल आहे, मी वस्तू फेकत नाही. पोस्टाने परत आलेला तो पेन ड्राइव्ह ग्रंथालयाच्या संकीर्ण नोंदवहीत चढवून, लाल क्रमांकाची चिठ्ठी लावून मी नकाशांच्या खणात ठेवला होता. नोंद माझ्या अक्षरात आहे : काय, कोणत्या दुकानातून भरून घेतलं, कोणत्या दिवशी. जळगावला वापरायला दिलं, कोणाला दिलं. परत आलं. शिवलेली वही, क्रमांकाची पानं.

पेन ड्राइव्ह मी प्रतिभाकडे नेला. तोच ड्रायव्हर, तोच ठसा. या वेळी अक्षरं तिने वाचली आणि मी जुळवली. ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. "मॅडम, हे अहवालाला जोडायचं का?" मी म्हटलं, "पहिल्या पानावर."

तेव्हा चिटणीस, ही तुमची दोन पानं. थोडी लांबली आहेत आणि गोड नाहीत. बापूने तुम्हाला खोटं सांगितलं होतं, ते मी दुरुस्त करते आहे. बिनालॉकचं सॉफ्टवेअर मी आणलं, मी दिलं, नियम मी मोडला. मी तुमच्याच संस्थेची नोकर आहे. चौकशी लावा, निलंबित करा, कागद खळीने चिकटवा. मी फलकासमोर उभी राहून तो वाचेन. पण माझ्यावर आरोप ठेवायचा तर त्यात लिहावं लागेल की या बाईने दिलेल्या वस्तूतून संगणकात लबाडी शिरली आणि तिने पेपर बाहेर नेला. ते एकदा तुमच्या हिरव्या शाईत उतरलं की बापू सुटला. तज्ज्ञांनी न बघता सही केली हेही त्यातच येईल. आणि मला सोडून द्यायचं, तर माझा हा कबुलीजबाब दडपला असंही तुम्हालाच लिहावं लागेल. दोन्हीपैकी कोणतं करता, याची मी वाट बघते आहे. मला घाई नाही.

हा लेख अंकात आला नाही, तरी मी तो छापून घेणार आहे. आपल्या संस्थेच्या सर्व ग्रंथालयांना एकेक प्रत जाईल आणि प्रत्येक ठिकाणी ती दाखल नोंदवहीत चढेल. तालिकेतून कार्ड काढता येईल. नोंदवहीतून ओळ काढता येणार नाही.

बापू, आता तुझ्यापुरतं. तुझी निळी वही समोर आहे. दुसऱ्याच्या वहीत मी कधी लिहीत नाही, वाचकांनाही लिहू देत नाही. आज लिहिलं. 'पेन ड्राइव्ह कोणाकडून :' याच्या पुढे माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि नोंदवहीतला क्रमांक, सगळं काळ्या शाईने. जागा थोडी उरली होती. तिथे तू मारायचास ती हाक लिहिली, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की ती ओळ तू रिकामी का ठेवली होतीस.